चौदा नावं जास्त

सुचिता मढवी खोटं बोलली असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. नवराही म्हणत नाही, आणि नवरा म्हणत नाही म्हणजे बघा. पण याच बाईने तीन वर्षांपूर्वी एका फॉर्मवर सहीशिक्क्यानिशी चुकीचा आकडा लिहून दिला आणि यंदा तो आकडा सगळ्या गावाच्या मानगुटीवर बसला.

बाई ग्रंथपाल. खांदेश्वरला सोसायटीत राहते, आणि दहा मिनिटांवरच्या धाकटी खार गावात जे कॉलेज आहे तिथे सव्वीस वर्षं नोकरी करते. धाकटी खार हेच तिचं माहेर. कॉलेज उभं राहिलं ते गावच्या सामाईक जमिनीवर. जमीन देताना गावाने फी माफ करा म्हटलं नाही की शिपायाच्या जागा मागितल्या नाहीत. त्या वेळच्या म्हाताऱ्यांनी एकच अट घातली, की गावातल्या प्रत्येक घराला कॉलेजच्या लायब्ररीचं एक कार्ड मिळालं पाहिजे. आता यातल्या निम्म्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, त्यांना हे सुचलं कसं देव जाणे. पण सुचलं खरं.

कार्ड घराचं, माणसाचं नाही. कार्डाखाली रजिस्टरमध्ये घरातल्या सगळ्यांची नावं. आणि एक नियम असा की चढलेलं नाव काढायचं तर ज्याचं नाव त्यानेच ग्रंथपालासमोर येऊन रजिस्टरवर सही करायची, किंवा मग त्याने मरायचं. तिसरा मार्ग नाही. न वाचता सह्या ठोकून ज्या गावाने जमिनी घालवल्या, त्या गावाला सहीची अशी दहशत बसली होती. त्यामुळे झालं काय, की लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावंही माहेरच्या कार्डावर तशीच राहिली. हळद लागलेल्या अंगाने लायब्ररीत जाऊन 'माझं नाव काढा' म्हणायला कोणती मुलगी जाईल? माहेरून सुक्या बोंबलांचा डबा जायचा, त्याच पिशवीत पुस्तकं जायची, आणि पुढच्या खेपेला परत यायची.

तीन वर्षांपूर्वी कॉलेजने डिजिटल लायब्ररी घेतली. हजारो पुस्तकं फोनवर, वाचायची आणि ऐकायचीसुद्धा. कंपनीचा दर टप्प्यांचा होता. साडेसातशे वाचकांपर्यंत पहिला टप्पा, पंधराशेपर्यंत दुसरा, त्यावर तिसरा. फॉर्ममध्ये रकाना होता, 'एकूण वाचक'. सुचिताने कॉलेजची मुलं आणि स्टाफ मिळून चारशेतीस धरले, गावची दोनशेचाळीस कार्डं धरली आणि लिहिलं सहाशे सत्तर. सव्वीस वर्षं तिच्या प्रत्येक वार्षिक अहवालात घर म्हणजे एक वाचक. तिच्या डोक्यात दुसरा हिशोब आलाच नाही. मग तिने घरोघर जाऊन लोकांना शिकवलं, कार्डाचा नंबर टाका, खाली घरातली नावं दिसतील, आपल्या नावावर बोट ठेवा. लोकांनी ठेवलं.

जानेवारीत कंपनीचं पत्र आलं. तुमच्या दोनशेचाळीस कार्डांमागे अकराशेच्या वर नावं आहेत, करार पहिल्या टप्प्याचा आहे, तर पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत खऱ्या वाचकांची यादी सहीनिशी पाठवा, नाहीतर शनिवारपासून सगळं बंद. सुचिताने ते पत्र उभ्यानेच वाचलं. फसवणूक हा शब्द पत्रात नव्हता, पण तिला तो प्रत्येक ओळीत दिसत होता.

तिने कंपनीत फोन लावला. पलीकडे रुतिका नावाची मुलगी होती, बोलायला गोड आणि नियमाला पक्की. तिने समजावून सांगितलं की कोण उघडतो नि कोण नाही यावर दर ठरत नाही, यादीत नाव आहे म्हणजे तो वाचक. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं हा तुमचा प्रश्न, मॅडम. फक्त यादी खरी द्या.

मग सुचिता संस्थेच्या अध्यक्षांकडे गेली. गोवर्धनशेठ, वय सत्तर, गावातलाच माणूस, कॉलेजसाठी स्वतःच्या चपला झिजवलेला. मनाने वाईट नाही. पण तोंडाने फटकळ, आणि हात आखडता. त्याने तासभर आगपाखड केली, मग दुसऱ्या टप्प्याचे पैसे द्यायला कसाबसा तयार झाला. तिसऱ्याचं नाव काढू नकोस म्हणाला. पंधराशेच्या वर एक जरी नाव गेलं तर गावची कार्डं बंद, फक्त कॉलेजची मुलं वाचतील.

आता आली का पंचाईत! गावाच्या जमिनीवर कॉलेज आणि गावालाच दार बंद, तेही सुचिताच्या एका आकड्यामुळे.

ती रजिस्टर काखोटीला मारून घरोघर निघाली. मेलेल्यांची नावं काढली, दोनदा चढलेली काढली. कॉलेज सुटलं की गावात, रविवारी सकाळपासून गावात. मंगळवारी बेरीज झाली. कॉलेजचे चारशेतीस, गावचे एक हजार चौऱ्याऐंशी. एकूण पंधराशे चौदा. तिने तीनदा मोजलं. तीनदा चौदा जास्तच.

बुधवारी तिने गोवर्धनशेठला सांगितलं, तेव्हा तिला वाटत होतं की चौदा नावांसाठी माणूस काही अडून बसणार नाही. शेठने हेडक्लार्कला बोलावलं आणि रजिस्टर चाळायला लावलं. अर्ध्या तासात तोडगा निघाला. लग्न होऊन गेलेल्या लेकी, एकूण त्रेपन्न. सगळ्याच काढा, पुढच्या वर्षीही डोक्याला ताप नको. त्यांचं काय सासर आहे, तिकडे बघतील. सुचिता म्हणाली की नाव काढायला त्यांची स्वतःची सही लागेल. शेठ हसला.

"भावाने सांगितल्यावर बहीण कधी नाय म्हनते काय?"

आणि माणूस खरं बोलत होता. सरकारने घेतलेल्या जमिनींच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट गावाला मिळाला तेव्हा घराघरातून बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या होत्या. शेठने आपल्या तिन्ही बहिणींच्या घेतल्या, आणि सुचिताच्या भावाने, कुंदनने, तिची घेतली. तिला घाईत तहसील कचेरीत नेलं, बोट ठेवून दाखवलं, तिने केली. नंतर घरी पुरणपोळी होती. पदवीधर बाई, पुस्तकांत वाढलेली, आणि तिने तो कागद वाचला नाही. भावासमोर वाचत बसणं तिला बरं दिसलं नाही. ही गोष्ट तिने कधी नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

त्याच संध्याकाळी हेडक्लार्कने भावांना फोनवर छापील नमुना पाठवला. गुरुवारी सकाळी नऊच्या आत सुचिताच्या फोनवर सात कागदांचे फोटो आले. 'माझे नाव कमी करण्यास माझी हरकत नाही.' उरण, पेण, कळंबोली, कुठून कुठून. खाली सुबक सह्या. त्यातली एक भावनाची.

भावनाला सुचिताने लहानपणापासून बघितलेलं. नवरा कंटेनरचा ट्रेलर चालवतो, ती न्हावा शेव्याच्या बंदरात एका कस्टम एजंटच्या ऑफिसात कागदपत्रं भरते, आणि स्वतःच्या एजंट परवान्याच्या परीक्षेला बसणार होती. कायद्याची ती जाडजूड पुस्तकं विकत घ्यायची तर दोन महिन्यांचा पगार जाईल. ती डबा खाताना फोनवर वाचायची. सुचिताने तिला फोन केला.

भावना म्हणाली, "दादा बोलला गावाचं नुकसान होतंय. नाही म्हटलं असतं तर माहेरी कोणत्या तोंडाने आले असते? जाऊ द्या मॅडम. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, बघते कायतरी."

ते 'जाऊ द्या' सुचिताच्या वर्मी लागलं. तिला संताप आला. शेठचा आला, भावनाच्या दादाचा आला, पण सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण आकडा तिने लिहिला होता आणि भरत होत्या या पोरी. करून गेलं गाव नि कांदेकराचं नाव, तशातली गत. ती ताडकन उठली आणि अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेली. बस म्हटल्यावरही बसली नाही.

फोटोवरची सही मी धरत नाही, असं तिने सांगितलं. नियम समक्ष सहीचा आहे. आणि कोणाची नावं काढायची असतील तर आधी हे बघा, म्हणून तिने कंपनीकडून मागवून घेतलेला अहवाल टेबलावर ठेवला. तीन वर्षांत एकदाही, एक पानही न उघडलेली नावं होती दोनशे अकरा. त्यांत बाया होत्या एकोणीस. बाकी सगळे घरचे कर्ते पुरुष. आणि त्रेपन्न लेकींपैकी न उघडणारी एकही नव्हती.

शेठने अहवाल लांब धरून बघितला. त्यात त्याचंही नाव होतं, ते त्याला दिसलं. त्याने कागद घडी करून परत सरकवला.

"मना चौदा सह्या पायजेत," तो म्हणाला. "समक्ष. उद्या पाचच्या आत. कोनाच्या ते तू बघ. नाय झाल्या तर गावची कार्डं बंद, मग नियम सांगत बसू नको."

तिने रजिस्टर उघडून त्याच्यापुढे केलं. त्याने खिशातून पेन काढलं, परत ठेवलं, आणि अध्यक्षाचं नाव कसं काढता येईल म्हणून तिच्याकडेच बघत राहिला. तिने रजिस्टर मिटलं आणि निघाली.

आता तुम्ही म्हणाल, दोनशे अकरा माणसं, ज्यांना पुस्तकाशी देणंघेणं नाही, त्यांतल्या चौदांनी सही करायची, यात अवघड ते काय? अहो, तिथेच तर घोडं अडलं. सुचिताने रजिस्टर पुढे केलं की चांगला चहा पाजत असलेला माणूस कप खाली ठेवायचा. हे कार्ड जमिनीच्या बदल्यात मिळालेलं. नाव गेलं की हक्क गेला, आज कार्ड, उद्या आणखी काय काढतील? नाव फक्त फोनच्या यादीतून जातंय, हक्क राहतोय, असं ती परोपरीने सांगायची, पण ऐकतो कोण. एकाने तर तिला तोंडावर विचारलं की तू गावची लेक आहेस का शेठची माणूस. ती पुढच्या घरी गेली. ज्या बायांना कागद दाखवला की लगेच सही करायच्या, त्याच घरातले हे पुरुष, आणि यांना आता एकदम कायदा आठवत होता.

पहिली सही धनाजीकाकांनी केली. गोदीतून रिटायर झालेला माणूस, डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी विचारलं, माझ्या नावाच्या बदल्यात कोणाचं राहणार? तिने सांगितलं, एका लेकीचं. मग कुठे सही करू ते दाखव, म्हणाले. त्यांच्या ओटीवर बसलेल्या आणखी दोघांनी मग शरमेने केल्या. गुरुवारी अंधार पडेपर्यंत पाच झाल्या.

शुक्रवारी तिने रजा टाकली. भावनाचा भाऊ निकेश नाक्यावरच्या गॅरेजमध्ये सापडला. आधी त्याने तिलाच सुनावलं, की बहिणीने सही दिलीय तर तुम्ही मध्ये कशाला पडता. सुचिताने वाद घातला नाही. अहवालात त्यांच्या घराचं कार्ड काढून त्याच्यापुढे धरलं. भावना, दोनशे सहा तास. निकेश, शून्य. त्याने फडक्याला हात पुसले, पुन्हा पुसले. तिला परीक्षा आहे हे मला माहीत नव्हतं, म्हणाला. सही केली, आणि वर शेजारच्या दुकानातल्या दोघांना हाताला धरून घेऊन आला.

अडीच वाजेपर्यंत तेरा झाल्या. आणि मग दोरी तुटावी तसं सगळं थांबलं. राहिलेले सगळे कामावर, कोणी कळंबोलीच्या लोखंड बाजारात, कोणी बंदरात. फोनवर सही चालत नाही, हे तिनेच कालच ठणकावलं होतं. हात दाखवून अवलक्षण! तीन घरं बंद होती, चौथ्याने कुत्रं सोडलं. साडेतीन झाले. तिचा ब्लाउज घामाने भिजला होता आणि जीभ कोरडी पडली होती. एक नाव. एका नावासाठी हजार माणसांचं वाचन बंद होणार होतं. आणि एक घर होतं जे ती दोन दिवस टाळत होती.

कुंदन घरीच होता. त्याचे कळंबोलीला दोन ट्रेलर चालतात, शुक्रवारी तो उशिरा जेवायला येतो. ती आत गेली तेव्हा तो हात धुऊन बसला होता. खिडकीपाशी चटईवर आई, यशोदाबाई, आडवी झालेली, फोन कानाशी. पायल वहिनीने पाणी आणलं. सुचिताने ते एका दमात संपवलं आणि काय हवंय ते सरळ सांगितलं.

कुंदनला सगळं आधीच माहीत होतं. गावात काय लपतं? तो म्हणाला की घरचा कर्ता मी, कार्ड बापजाद्यांच्या जमिनीवर मिळालेलं, आणि नाव माझं काढायचं? सख्खी बहीण ग्रंथपाल असून भावाचाच काटा काढला, असं लोक बोलतील. दुसरं कोणीतरी बघ. तिने सांगितलं की दुसरं कोणी उरलं नाही आणि तासभर उरलाय. तो भिंतीकडे बघत राहिला. मागे हटायची त्याची तयारी दिसत नव्हती.

तेवढ्यात चटईवरून आई उठून बसली. तिने फोन बंद केला.

"माजा नाव काढ, बाय. मना कुठं वाचता येतं? त्याचा राहू दे."

तिने अंगठा पुढेच केला. उजवा अंगठा, आयुष्यभर मिठागरात काम करून चिरा पडलेला. साधा मार्ग होता. अंगठा घ्यायचा, चौदा पुरे, भाऊ खूश, गाव वाचलं. घड्याळात चारला दहा कमी होते. आणि तिला स्वतःचीच भीती वाटली, कारण क्षणभर तिने खरोखरच शाईचं पॅड काढायला पर्समध्ये हात घातला होता.

तिने हात बाहेर काढला, त्यात अहवाल होता. आपल्या घराचं कार्ड तिने मोठ्याने वाचलं. पायल, चौपन्न तास. मुलं, दोघांचे मिळून एकशे तीस. यशोदाबाई, तीनशे नव्वद तास, त्रेचाळीस पुस्तकं. ऐकलेली. या गावात हिच्याएवढी पुस्तकं कोणाची झालेली नाहीत, कॉलेजच्या प्राध्यापकांचीसुद्धा नाहीत.

कुंदनने आईकडे बघितलं.

"मला वाटलं, भजनं लावते," तो म्हणाला.

तीन वर्षं एका खोलीत. आई उगाच लाजून पदर नीट करत बसली, जणू तिचीच काही चोरी पकडली गेली होती. ते बघून सुचिताला भावाची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

कुंदनने हात पुढे केला. रजिस्टर द्यायच्या ऐवजी सुचिताने ते मांडीवर घेतलं आणि त्यावर लिहिलेलं सगळं त्याला वाचून दाखवलं, पहिल्या अक्षरापासून. नाव कमी होतंय ते फक्त डिजिटल लायब्ररीच्या यादीतून, घराच्या कार्डावरचा हक्क कायम, कागदी पुस्तकं कधीही नेता येतील, पुढच्या वर्षी जागा झाली तर नाव परत चढवता येईल. घड्याळ पळत होतं, तरी ती भरभर वाचेना. वाचून झाल्यावर तिने विचारलं, समजलं का, काही विचारायचंय का. त्याने मान हलवली. सही करताना त्याची मान खालीच होती, आणि बहिणीने मागे केलेली सही त्यालाही आठवली असणार. कारण त्याचा हात थांबला आणि तो म्हणाला, "तुला मी वाचून नव्हतं दाखवलं."

"नाही," ती म्हणाली. "नव्हतं."

एवढंच. बावीस वर्षांत या विषयावर त्यांचं एवढंच बोलणं झालं.

तिने तिथेच बसून फोनवर यादी काढली, कुंदनचं नाव काढलं, बेरीज बघितली. पंधराशे. पुन्हा बघितली. मग चार वाजून अठरा मिनिटांनी यादी आणि रजिस्टरच्या पानांचे फोटो पाठवून दिले. उत्तर यायला वीस मिनिटं लागली आणि त्या वीस मिनिटांत ती तीनदा उठली, तीनदा बसली. रुतिकाने लिहिलं होतं, यादी मंजूर, दुसरा टप्पा, सेवा चालू राहील. सुचिताने ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि मग भिंतीला टेकून बसली. पायलने चहा टाकला. त्या सात लेकींना सुचिताने एक-एक करून निरोप धाडला की सही रद्द, वाचा.

कुंदन अजून तिथेच बसला होता. चपला घालायचं सोडून तो आईच्या फोनकडे बघत होता. शेवटी थोडं हसल्यासारखं करून म्हणाला, की समजा उद्या मलाच काही वाचावंसं वाटलं तर?

सुचिता काही म्हणायच्या आत यशोदाबाई चटईवर जरा सरकली आणि तिने बाजूची जागा हाताने झटकली.

"बस इथं. मी सांगते."